चरईतल्या शिकवणीसाठी जुना कॅनन २००डी: आठ महिन्यांनंतर

मी ठाण्यात चरईला राहते आणि घरीच नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. पुढच्या खोलीत हिरवा फळा, दोन बाकडी आणि एक सतरंजी, एवढाच संसार. गेल्या वर्षी मुलांच्या आया म्हणायला लागल्या, "टीचर, बुडलेल्या तासाचा व्हिडिओ पाठवा ना." तीन महिने मोबाईलवर करून बघितलं. फोन तापायचा, ऐन प्रमेयात कुणाचा तरी कॉल यायचा, आणि आवाज तर असा यायचा की मी शेजारच्या बिल्डिंगमधून शिकवतेय. मग ठरवलं, जुना का होईना, कॅमेरा घ्यायचा. बजेट तीस हजार, माईक-स्टँड सगळं धरून.

भाचा म्हणाला, "मामी, डीएसएलआर आता कोण घेतं? मिररलेस घे." डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा नवा प्रकार. त्याचं म्हणणं खोटं नाही. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. पण सगळे डीएसएलआर विकून तिकडे चाललेत म्हणूनच तर तो माझ्यासारखीला परवडतो.

मला तीनच गोष्टी हव्या होत्या. बाहेरचा माईक लावायला भोक, पुढे वळणारा स्क्रीन (शूट करायला घरात दुसरं कुणी नसतं), आणि मी फळ्यापासून बाकापर्यंत फिरले तरी फोकस न सुटणं. पहिल्याच अटीवर कॅननचा १३००डी बाद झाला, त्याला माईकचं भोकच नाही. स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळ जण घेतात आणि मग आवाज वेगळा रेकॉर्ड करून जुळवत बसतात. निकॉन डी५३०० वर मात्र जीव अडकला होता. त्याचे फोटो सुरेख, स्क्रीन वळतो, माईकही लागतो. पण व्हिडिओत त्याचा ऑटोफोकस पुढे-मागे चाचपडतो. माणूस हलला की आधी धूसर, मग स्पष्ट. शिवाय आमच्याकडे सासऱ्यांची एक जुनी निकॉन लेन्स आहे, ती वापरता येईल अशी माझी आशा होती. पण डी५३०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ती हातानेच फिरवावी लागली असती. एका हातात खडू, दुसऱ्या हातात लेन्स!

कॅननच्या ७०डी, ८०डी आणि २००डी मध्ये ड्युअल पिक्सेल फोकस आहे. सेन्सरवरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवरचा, प्रत्येक पिक्सेल (ठिपका) दोन भागांत विभागलेला असतो. दोन्ही भागांना चित्र किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून लेन्स कुठल्या बाजूला किती फिरवायची ते कॅमेऱ्याला कळतं. म्हणून चाचपडणं नाही. ७०डी २०१३ चा आणि वजनदार. ८०डी त्याहून चांगला, त्याला हेडफोनही लागतो, पण माझ्या बजेटच्या वर. २००डी २०१७ चा, बॅटरी-कार्डासकट साडेचारशे ग्रॅम. ठरलं.

आता खरेदीची गोष्ट, कारण खरं शिक्षण तिथंच झालं.

आधी स्टेशनच्या बाजूच्या एका दुकानात गेले. काचेच्या कपाटात दहा-बारा कॅमेरे ओळीने मांडलेले. "मॅडम, फक्त आठ हजार क्लिक झालेत." या क्लिकच्या, म्हणजे आजवर किती फोटो काढले त्या आकड्यावर लोक फार भाळतात. निकॉनचा आकडा फोटोच्या फाईलमधूनच निघतो, २००डी चा तसा निघत नाही, त्यामुळे दुकानदार सांगेल ते खरं. आणि व्हिडिओ काढताना शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, सारखं उघडमिट करत नाही. लग्नात दिवसभर व्हिडिओसाठी राबलेला कॅमेराही आकड्यावर कोवळा दिसू शकतो. मी लेन्स काढायला लावली, मागून मोबाईलचा टॉर्च मारला आणि पुढून तिरकं बघितलं. आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे. बुरशी! "ती धूळ आहे मॅडम, पुसलं की जाईल." धुळीला फांद्या फुटत नाहीत, हे नववीतल्या पोरालाही कळेल. मी आभार मानून बाहेर पडले.

आमच्या हवेत कॅमेरा क्लिकने म्हातारा होत नाही, बंद कपाटात काढलेल्या पावसाळ्यांनी होतो. हे मला त्या दुकानात कळलं, आणि पटलं ऐरोलीला.

ऐरोलीचा एक मुलगा शिकायला परदेशी निघाला होता म्हणून २००डी विकत होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ट्रान्स-हार्बरने गेले. मुलगा अंघोळीला गेलेला, त्याच्या आईने दार उघडलं. कॅमेरा कुठे ठेवलाय विचारलं तर माउलीने ओट्याखालून रबर लावलेलं घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा काढला. आत सुती फडक्यात कॅमेरा आणि चपला-बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. म्हणाल्या, "ताई, पुड्या दर महिन्याला तव्यावर मंद गरम करते मी. त्याला कुठे सुचतंय!" माझा निर्णय तिथंच झाला होता, पण गणिताची बाई आहे, तपासणी सोडली नाही. टॉर्च मारला, काच स्वच्छ. लेन्सचं छिद्र एफ/२२ वर नेऊन, म्हणजे अगदी बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला, वरच्या कोपऱ्यात धुळीचे दोन ठिपके. चालतील, तेवढे साफ होतात. कार्ड आत-बाहेर केलं, स्क्रीन सगळीकडे फिरवला, माईक लावून दहा सेकंद बोलले. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बघितली, फुगलेली असली की डुगडुगते. "काकू, तुम्ही पोलीस आहात का?" मुलगा केस पुसत विचारत होता. बॉडी, १८-५५ एमएमची लेन्स (आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ आणि अरुंद) आणि बॅग मिळून साडेतेवीस हजार. पाचशे सुटतील का म्हणून विचारायचं होतं, पण त्या डब्याकडे बघून तोंड उघडलं नाही.

पहिला व्हिडिओ बघितला तर फळ्यावरून काळे पट्टे सरकतायत. रात्रभर झोप नाही, फसले म्हणून. भाच्याने सकाळी दोन मिनिटांत सोडवलं. कॅमेऱ्याची व्हिडिओ सेटिंग एनटीएससीवर होती, म्हणजे सेकंदाला तीस चित्रं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, ट्यूबलाईट त्या तालावर लुकलुकते. ती सेटिंग 'पाल' (PAL) करून पंचवीस चित्रं आणि शटर १/५० सेकंद केलं, पट्टे गायब. जुना कॅमेरा घरी आणला की आधी हे बघा.

फोकसबद्दल तक्रार नाही. मी पाठमोरी झाले की तो फळ्यावर जातो, वळले की तोंडावर येतो. कोनमापक लेन्ससमोर धरला की त्यावर येतो. फोर-के नाही, पण पायथागोरस दिसायला फुल एचडी पुरतं. कटकटी दोन. एक, २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. मी एकदा पुढची दहा मिनिटं बंद कॅमेऱ्याला वर्तुळ शिकवलं. आता मोबाईलवर अठ्ठावीस मिनिटांचा गजर लावते. दुसरी, हेडफोनचं भोक नाही, त्यामुळे आवाज येतोय का ते नंतरच कळतं. अठराशेच्या कॉलर माईकचं बटण बंद राहून एक अख्खा धडा मुका गेलाय. तो धडा तसाच पाठवला असता तर काही पोरांना जास्त आवडला असता! एका चार्जिंगमध्ये असे तीन धडे निघतात.

चूक माझी एकच झाली, ५० एमएम एफ/१.८, म्हणजे मोठ्या छिद्राची, कमी उजेडात चालणारी लेन्स. सगळे सांगतात, घ्याच. सहा हजाराला जुनी घेतली आणि बजेट बोंबललं. पण या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, तिथं पन्नास म्हणजे ऐंशीसारखं दिसतं. माझी खोली अकरा फुटांची. स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून कॅमेरा ठेवला तरी चौकटीत माझं डोकं आणि समीकरणाची फक्त डावी बाजू. गणपतीत समयांचे फोटो मात्र तिने असे काढले की नणंदेने चौकटीत लावलेत. रोजच्या कामाला १८-५५ च, चोवीसच्या आसपास. तिला उजेड जास्त लागतो, म्हणून फळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ट्यूब वाढवली. लेन्सपेक्षा किती तरी स्वस्त.

एप्रिलमध्ये नवऱ्याबरोबर सीवूड्सला फ्लेमिंगो बघायला गेले होते. पंचावन्नला पक्षी म्हणजे गुलाबी ठिपके. हौस असेल तर ५५-२५० लागेल. मला नाही.

पावसाळा निभावला. ऐरोलीच्या काकूंसारखाच डबा केला, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ टाकलं. बाहेर भिंतीला ओल फुटली होती तेव्हा डब्यात काटा पन्नास टक्क्यांच्या आत होता. लेन्स फक्त बेडरूममध्ये बदलते, खडूची भुकटी सेन्सरवर गेली तर संपलंच.

५० एमएम आता विकायची आहे. बघायला याल तेव्हा टॉर्च घेऊन या.