पुस्तकपेटी: वीस पुस्तकं, महिन्याला शंभर रुपये

आमच्या तालुक्याच्या वाचनालयानं यंदा खेड्यांसाठी पुस्तकपेटी सुरू केली. पेटी ऑटोनं येते आणि माझ्याकडेच असते. मी गावची आशा.

पेटी मजबूत आहे, पुस्तकांना कव्हरं आहेत. कथा-कादंबऱ्या बाया पहिल्याच दिवशी नेतात. मागं राहिलं ते साथींच्या इतिहासाचं जाड पुस्तक. त्यातलं चीनचं प्रकरण मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा सासूबाईंना ऐकवत.

१८७० साली तिआन्जिनमध्ये फ्रेंच जोगिणींचं अनाथालय होतं. साथ आली, आतली लेकरं पटापट गेली. आजारी मूल आणून देणाऱ्याला जोगिणी पैसे देत, त्यामुळे त्या लेकरं पळवून आणवतात असं लोक म्हणू लागले. एका शवपेटीत एकाहून जास्त लेकरं पुरलेली लोकांनी पाहिली. मग बोलणं पसरलं, की गोरे लोक डोळे आणि काळीज काढून औषध करतात. २१ जूनला फ्रेंच वाणिज्यदूत फोंतानिए यानं चिनी अधिकाऱ्यावर गोळी झाडली, ती त्याच्या नोकराला लागली. जमावानं फोंतानिएला मारलं, दहा जोगिणींनाही. चौकशीला आलेल्या झेंग ग्वोफान या बड्या चिनी अधिकाऱ्याला डोळे काढल्याचा काही पुरावा सापडला नाही. पण संशय कशानं आला हेही त्यानं मांडलं, आणि त्यात एक कारण होतं, अनाथालयाची कायम बंद असलेली दारं.

तिथं मी थांबले. २०२१ मध्ये लसीच्या दिवशी आमचं अर्धं गाव वावरात निघून गेलं होतं. मी सुई घेतली हे सांगितलं, तर म्हणे, "तुमची सुई येगळी, आमची येगळी." खुद्द सासूबाई म्हणाल्या, "मी नाई घेत वं." शेवटी पारावर बसून लशीचा डबा सगळ्यांपुढं उघडला, बाटली हातात दिली, त्यावरची तारीख शाळेतल्या पोरांकडून वाचून घेतली. त्या दिवशी अठरा जण आले. सासूबाई पुढच्या खेपेला. त्या जोगिणींसाठी मला फार वाईट वाटलं, आणि त्या आयांसाठीही, ज्यांना दाराच्या आत काय चाललंय ते कोणी दाखवलं नाही.

आता तक्रारी. पेटी आठवडाभर उशिरा येते. पुस्तकांची यादी आत नसते, एखादं हरवलं तर भरायचं कोणी? या पुस्तकाची चार पानं सुटली आहेत, ती शिवून द्यावीत. अक्षर फार बारीक.

शंभर रुपयांत सेवा चांगलीच आहे, शेजारच्या गावांनीही घ्यावी. हे पुस्तक आणखी महिनाभर राहू द्या. सासूबाईंना हाँगकाँगच्या १८९४ च्या प्लेगचं प्रकरण ऐकायचं आहे.