ब्रेकला निळा रंग दिलेली ३४०आय

ब्रेकचे नवे पॅड बसेनात, तिथून हे सगळं उघडकीला आलं.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. गाडी बीएमडब्ल्यू ३४०आय, २०१७ची, एम स्पोर्ट (स्पोर्टी साज असलेलं पॅकेज). तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३२६ अश्वशक्ती, आणि बाहेरून बघाल तर साधी चार दारांची सेडान. ही गाडी घ्यायची म्हणून चार वर्षं पैसे बाजूला टाकत होतो. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक लिहिल्या होत्या: एम स्पोर्ट ब्रेक, ॲडॅप्टिव्ह (म्हणजे कडकपणा बदलता येणारं) सस्पेन्शन आणि हार्मन कार्डनची साउंड सिस्टिम. तेवढ्याच वयाच्या नि तेवढ्याच चाललेल्या गाड्यांपेक्षा ही १,४०० पौंडांनी महाग होती. या तीन गोष्टी मिळतायत म्हणून मी ते आनंदाने दिले.

मी डोळे झाकून गाडी घेतली नव्हती. दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, तो वाचला. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने मोडीत काढलेली आहे का, हे पैसे भरून तपासलं. सगळं स्वच्छ निघालं. पण कारखान्यातून ही गाडी काय काय बसवून बाहेर पडली, याबद्दल यातल्या एकाही कागदावर अक्षर नसतं. ते स्वतंत्रपणे तपासावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

विक्रेत्याने गाडी चमकवून ठेवली होती. चाकांच्या आऱ्यांतून निळे कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबून धरणारे चिमटे) दिसत होते, वर ‘एम’चं चिन्ह. चक्कर मारताना त्याने गिअरजवळचं स्पोर्टचं बटण दाबलं आणि म्हणाला, “बघा, सस्पेन्शन कसं कडक झालं.” मलाही तसंच वाटलं! पण ते बटण साध्या सस्पेन्शनच्या गाडीतही असतं. त्याने ॲक्सिलरेटर, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग जास्त तल्लख होतात, आणि आपल्या अंगाला वाटतं की गाडीच बदलली. डॅम्पर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, ॲडॅप्टिव्ह असतील तरच सस्पेन्शन बदलतं.

पाच आठवड्यांनी पॅड बदलायला फक्त बीएमडब्ल्यू दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. एम स्पोर्ट ब्रेक आहेत असं मी फोनवर सांगितलं होतं, त्याप्रमाणे त्याने पॅड मागवून ठेवले होते. ते बसले नाहीत. त्याने गाडी वर घेतली, चाक काढलं आणि मला खाली बोलावलं. एम स्पोर्ट ब्रेकचा पुढचा कॅलिपर जागेवर घट्ट बसवलेला असतो, त्याला चार पिस्टन असतात. माझ्या गाडीचा सरकता, एका पिस्टनचा होता. म्हणजे साधाच. त्याने नखाने खरवडलं तर निळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, आणि ‘एम’चं चिन्ह तर स्टिकर होतं.

मग त्याने चासी नंबरवरून कारखान्याची यादी काढली. शेवटची सात अक्षरं पुरतात. यादीत बसवलेल्या प्रत्येक गोष्टीचा कोड असतो. ३३७ होता, म्हणजे गाडी खरोखर एम स्पोर्ट. ७०४ होता, म्हणजे एम स्पोर्ट सस्पेन्शन: थोडं खाली बसणारं, थोडं कडक, पण कायम तेवढंच कडक. ॲडॅप्टिव्हचा २व्हीएफ नव्हता. ब्रेकचा २एनएच नव्हता. हार्मन कार्डनचा ६८८ नव्हता, त्याजागी साध्या हायफायचा ६७६. स्पीकरच्या जाळीवर नाव होतं खरं, पण तसल्या जाळ्या सुट्या विकत मिळतात.

विक्रेत्याने नावांच्या गोंधळाचा फायदा घेतला. एम स्पोर्ट हे पॅकेज आहे. त्यात बंपर, स्टिअरिंग, सीट, सस्पेन्शन येतं; एम स्पोर्ट ब्रेक माझ्या गाडीच्या वेळी वेगळे मागवावे लागत. नावं जवळजवळ सारखी, वस्तू निराळ्या.

म्हणून हात जोडून सांगतो, गाडी बघायला जाण्याआधी चासी नंबर मागा. तो विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात उघड्यावर असतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. द्यायला टाळाटाळ झाली तर जाऊच नका. गेलात तर चाकाच्या मागे टॉर्च मारा: ॲडॅप्टिव्ह डॅम्परला विजेची वायर जोडलेली असते, साध्याला नसते. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. माझी जाहिरात विक्रीनंतर दोन दिवसांत गायब झाली. सांगलीला दादाला “ही घेतोय” म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेला एक स्क्रीनशॉट तेवढा उरला होता.

विक्रेता म्हणाला, माहिती संगणकाने आपोआप भरली. कॅलिपरला रंग काय संगणकाने लावला? गाडी परत घ्यायला त्याने नकार दिला. इथे २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर पहिल्या ३० दिवसांत थेट परत करता येते. माझे ते दिवस उलटून गेले होते. त्यानंतरही हक्क संपत नाही, दुरुस्ती किंवा किमतीत सूट मागता येते, पण भांडावं लागतं.

मला वाचवलं ते बयाण्याच्या २०० पौंडांनी. ते मी क्रेडिट कार्डाने भरले होते. १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूचा थोडा भाग जरी कार्डाने भरला, तरी १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५व्या कलमानुसार विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. दादाकडचा स्क्रीनशॉट, कारखान्याची यादी, मेकॅनिकचं पत्र आणि खरवडलेल्या कॅलिपरचे फोटो मी त्यांना पाठवले. सात आठवड्यांनी १,१०० पौंड परत आले.