नंबरप्लेटसाठी ५३१ रुपये भरले, तिथून पुढे

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसवायची मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती. मग ३० एप्रिल झाली, मग ३० जून, मग १५ ऑगस्ट. पुढेही ती वाढतच गेली, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते कुणाला माहीत? "आता मुदतवाढ नाही, थेट दंड" असे मेसेज नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज पडत होते. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, स्कूटर २०१४ची. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर कुठलाही सरकारी कागद त्यांनी मुदतीनंतर दिलेला नाही. भामट्याला असाच माणूस हवा असतो. बेफिकीर माणूस त्याच्या काही कामाचा नाही.

आप्पांनी मोबाइलवर "एचएसआरपी महाराष्ट्र" असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेली लिंक उघडली. तिच्याजवळ बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे मोजून वर आणलेली जाहिरात होती. आतलं पान मी नंतर नीट पाहिलं. राजमुद्रा होती, परिवहन विभागाचं नाव होतं, अशोकचक्राचा होलोग्राम आणि निळ्या अक्षरांतलं आयएनडी असलेल्या प्लेटचा फोटो होता. दरसुद्धा बरोबर होते. दुचाकीचे ४५० आणि जीएसटी धरून ५३१, चारचाकीचे ७४५ आणि जीएसटी धरून ८७९. फॉर्ममध्ये गाडीचा नंबर, चॅसिस नंबरचे आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच आकडे आणि मोबाइल नंबर मागितला होता. खऱ्या ठिकाणीही हेच मागतात.

इथे मला सरकारबद्दल थोडं बोलायचंच आहे. "पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा" असं आपल्याला सगळे शिकवतात. पण या प्लेटचं खरं बुकिंग त्या पत्त्यावर होतच नाही. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर जायचं, तिथे आपलं आरटीओ कार्यालय निवडायचं, की आपण एका खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पोहोचतो. राज्याचे तीन विभाग पाडून तीन कंपन्यांना काम दिलंय, आणि त्यांचे पत्ते साधे डॉट कॉम किंवा डॉट इनवाले. म्हणजे खरा पत्ता आणि खोटा पत्ता शेजारी ठेवले, तर सामान्य माणसाला त्यातला खरा ओळखता येण्याची काही सोयच नाही. ओळखायची खूण एकच, आपण तिथवर कुठल्या वाटेने आलो. परिवहन विभागाच्या पानावरून आलो असू तर ठीक. शोधयंत्रातून, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून किंवा दुकानाबाहेर चिकटवलेल्या क्यूआर कोडवरून आलो असू तर नाही. एवढं मोठं काम लाखो लोकांच्या माथी मारताना ही वाट सरकारी पत्त्याच्या आतच ठेवता आली असती, असं मला अजूनही वाटतं.

पैसे भरताना यूपीआयच्या पानावर नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. ३० जून २०२५पासून घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच पैसे भरायच्या आधी दाखवायचं, असा नियम आहे. त्याचा उपयोग इथे होऊ शकला असता. पण कंत्राटदार असेल, असं आप्पांना वाटलं, आणि कंत्राटदारांची सवय आपल्याला आहेच. पावती आली, प्लेट बसवायची तारीख आली, एका शोरूमचं नावही आलं.

गोष्ट इथेच थांबली असती तर ५३१ रुपयांवर भागलं असतं. पण ती ५३१ची पावती नुसतं आमिष होती. त्या माणसाला हवा होता तो फॉर्म.

दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. डीपीला आरटीओचं चिन्ह. बोलणारा अगदी आपल्याकडचाच वाटत होता.

"नमस्कार काका, आरटीओ ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या स्कूटरची प्लेट तयार आहे, पण अपॉइंटमेंट कन्फर्म दिसत नाहीये. चॅसिसचे शेवटचे पाच आकडे अमुक अमुक, बरोबर ना?"

बरोबरच असणार, आप्पांनीच भरलेले होते. पण ते दोन दिवस जुनं, त्यांच्या ध्यानात नव्हतं. आणि चॅसिस नंबर तर आरसी बुकात असतो, तो परक्याला कसा कळेल? म्हणजे माणूस ऑफिसचाच.

"काका, मी एक फाइल पाठवतो, ती फक्त इन्स्टॉल करा. धोकादायक वगैरे लिहून येईल, ते सगळ्यांनाच येतं, लक्ष देऊ नका. कन्फर्मेशनचे दहा रुपये कार्डाने भरायचे. यूपीआय नको, सर्व्हर डाउन आहे. आणि काका, ओटीपी मात्र कुणाला सांगायचा नाही हं, आम्हालासुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून मला त्याच्या धंद्याची खरोखर कमाल वाटली. ओटीपी त्याला विचारायचाच नव्हता. ती फाइल एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये बसणारं अ‍ॅप. उघडल्यावर तिने एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागितली. आप्पांनी दिली. मग कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. दहा रुपये भरल्याचं हिरवं टिकमार्क आलं आणि अ‍ॅपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब झालं. त्या क्षणापासून आप्पांच्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस परस्पर तिकडे जात होता.

रात्री दीडच्या सुमारास त्या कार्डावरून ऑनलाइन व्यवहार झाले, मिळून ८७,५०० रुपयांचे. फोनवर एकही मेसेज दिसला नाही, अ‍ॅपच तो लपवत होतं. बँकेचे ई-मेल माझ्याकडे येतात म्हणून सकाळी चहाच्या वेळी कळलं, नाहीतर महिनाअखेरीला पेन्शन काढायला गेल्यावरच कळलं असतं.

आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला. कार्ड दुसऱ्या फोनवरून बंद केलं. त्याच फोनवरून बँकेला लावू नका, कॉल वळवलेला असू शकतो. मग १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पहिल्या खेपेला लागला नाही, नंतर लागला. त्यांना खाते क्रमांक, व्यवहाराचे संदर्भ क्रमांक, वेळा आणि रकमा हव्या असतात, ते समोर घेऊनच बसा. तक्रारीचा पोचक्रमांक मिळाला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात पळत असतात आणि ही यंत्रणा वाटेत जे सापडेल ते गोठवते. आमचे ३१,००० रुपये असे अडकले, बाकीचे निसटले. गोठवलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत. आम्हाला त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला.

सायबर पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी आणि ६६डीखाली, सोबत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८. एपीके पुसू नका, आधी फोन आम्हाला दाखवा, असं त्यांनी सांगितलं. चिन्ह दिसत नसलं तरी सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या यादीत ते सापडतं.

दरम्यान सोसायटीच्या ग्रुपवर आप्पांच्याच नंबरवरून तीच फाइल गेली होती. खाली मराठीत, "ज्यांची प्लेट बाकी आहे त्यांनी यावर करा, लगेच होतं." निवृत्त मुख्याध्यापकांनी पाठवलेलं, मग कोण शंका घेणार? सांगलीच्या मामांनाही आली. त्यांनी फोन करून विचारलं म्हणून ते वाचले. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये एक अनोळखी संगणक जोडलेला निघाला.

बँकेचं म्हणणं एका वाक्यात असं, की ओटीपी तुमच्या फोनवर आला, तो वापरला गेला, तेव्हा जबाबदारी तुमची. इथे गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलेला आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असले, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी असू द्या, ई-मेल करा, शाखेत दिलेल्या अर्जावर शिक्का आणि वेळ घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आमची तक्रार तिथे आहे. आप्पांनी कार्डाचे आकडे स्वतः भरले, हा बँकेचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या वयाच्या माणसाच्या खात्यातून रात्री दीड वाजता कधीच न झालेली खरेदी सलग होत राहते आणि एकाही यंत्राला शंका येत नाही, याचंही उत्तर कुणीतरी द्यायला हवं. एसएमएसच्या ओटीपीवरच सगळं सोडू नका, असं रिझर्व्ह बँकेचेच १ एप्रिल २०२६पासूनचे निर्देश सांगतात.

डेटा संरक्षणाचा कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. तोवर आप्पांचे चॅसिसचे आकडे आणि मोबाइल नंबर कुठल्या कुठल्या यादीत विकले गेले असतील देव जाणे. अधूनमधून त्यांना अजूनही "काका" म्हणून फोन येतात, कधी गॅसच्या केवायसीसाठी, कधी हयातीच्या दाखल्यासाठी. दोन्ही कामं खरी आहेत आणि हयातीच्या दाखल्याला तर खरी मुदत असते.

खरी प्लेट नंतर रीतसर परिवहन विभागाच्या पानावरून बुक केली. ५३१ रुपयेच लागले. ती केंद्रावर गाडी नेऊन बसवून घेतली, त्यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही. तिच्या डाव्या कोपऱ्यात खाली लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो, तो बसवून घेताना बघून घ्या. आणि आप्पांच्या नंबरवरून ऑगस्टमध्ये ती फाइल ज्यांना आली होती, त्यांच्यापैकी कुणी उघडली असेल तर फोन तपासा. आमच्या ग्रुपवरच्या दोघांनी उघडली होती, त्यातल्या एकाने ते आम्हाला दिवाळीनंतर सांगितलं.