व्हीजी प्लस म्हणजे नक्की काय, दुकानदारसाहेब?

रेटिंग आधीच देऊन टाकतो: स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांना साडेतीन तारे. कापलेला दीड तारा निव्वळ ग्रेडिंगपायी, म्हणजे जुन्या रेकॉर्डीची अवस्था सांगणाऱ्या श्रेणीपायी.

जॅझ आणि सोलसाठी साखळी दुकानांचा नाद सोडून काही महिने झाले. तिथे त्याच त्या गाजलेल्या रेकॉर्डी नव्या वेष्टनात मिळतात आणि सोल पॉपच्या कप्प्यात कोंबलेला असतो. छोट्या दुकानांत ऑर्गन जॅझ वेगळा, हार्ड बॉप वेगळा, सदर्न सोल वेगळा. माल, जाण, गप्पा, सगळं झकास.

तक्रार आहे ती व्हीजी प्लसची, म्हणजे ‘व्हेरी गुड प्लस’ या श्रेणीची. गोल्डमाइन या रेकॉर्ड-संग्राहकांच्या मासिकाच्या श्रेणीनुसार तिची किंमत निअर मिंटच्या (जवळजवळ नव्यासारख्या प्रतीच्या) साधारण निम्मी धरतात, म्हणून आमच्यासारख्या हात राखून खर्च करणाऱ्यांची सगळी भिस्त तिच्यावर. एका दुकानाकडून (नाव घेत नाही) सोलची एक ४५ (मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी रेकॉर्ड) मागवली. वरून चकचकीत, एक ओरखडा नाही. सुई टेकवली आणि गायिकेचा आवाज चढला की नुसती खरखर. दुकानाचं म्हणणं, आम्ही दिव्याखाली बघून ग्रेड करतो, वाजवून नाही. अहो, मी काय भिंतीवर लावायला घेतली होती?

साठच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकी ४५ विनाइलच्या नसतातच, पॉलिस्टायरीनच्या असतात. जड किंवा झिजलेल्या सुईने त्या फार लवकर खराब होतात आणि ती झीज डोळ्यांना दिसेलच असं नाही. लेबल दाबून बसवलेलं नसून वरून चिकटवलेलं दिसलं की सावध व्हायचं. सोल विकायला बसलेल्याला एवढं ठाऊक नको? पुष्कळ पत्रापत्री झाल्यावर निम्मे पैसे परत आले. टपालखर्च माझ्याच माथी.

तेव्हापासून एकच नियम केला: ग्राहकाला ऐकायला टर्नटेबल नसेल त्या दुकानाची पायरी चढायची नाही. सजावट, पोस्टरं, मालकाची टोपी गेली उडत. आणि टर्नटेबल आहे म्हणून हुरळून जायचं नाही, त्याची सुईही बघायची. काही ठिकाणी डीजेचं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं, सुईवर तीन-चार ग्रॅम वजन लावलेलं. त्याखाली निमूट वाजणारी रेकॉर्ड घरी पावणेदोन ग्रॅमवर उड्या मारते. वजन किती लावलंय असं विचारलं की काउंटरवरची माणसं विचित्र नजरेनं बघतात. बघू देत.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं, पण मध्यंतरी मत हललं. फक्त टपालाने विकणाऱ्या एका माणसाकडून ब्लू नोट या जॅझ कंपनीची एक एलपी घेतली. तिथे ऐकून बघायचा प्रश्नच नाही. पण वर्णनात लिहिलं होतं: दुसरी बाजू, पहिला ट्रॅक, सुरुवातीला बारीक टिकटिक, ट्रम्पेट सुरू झाल्यावर जाणवत नाही. घरी वाजवली, तंतोतंत तसंच. शिवाय त्याने आपणहून कळवलं की शेवटच्या ट्रॅकनंतरच्या रिकाम्या पट्टीत ध्वनिमुद्रक व्हॅन गेल्डरचा शिक्का आहे, पण आधी ब्लू नोटच्या रेकॉर्डी छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची ती कानासारखी खूण नाही. म्हणजे साठच्या दशकाच्या मध्यात कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सकडे गेल्यानंतरची प्रत. संग्राहक त्या कानासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. मास्टरिंग रूडी व्हॅन गेल्डरचंच असेल तर मला कान नकोय, पैसे वाचलेले हवेत.

त्यामुळे आता टर्नटेबलचा हट्ट सोडला. पहिला प्रश्न एवढाच विचारतो: वाजवून पाहिलीत का, आणि दोन्ही बाजू? उत्तराला दुसऱ्या क्षणी ‘हो’ न येता ‘तशी चांगलीच आहे’ आलं, की पुढचं दुकान.

नव्या मालाबद्दल थोडक्यात: १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचा हक्क युरोपात संपलाय, म्हणून तिथे कोणीही उठून त्या काळचा जॅझ छापतो, मूळ टेप न बघता. स्वस्त दिसतात, मीही हात घातला होता, आवाज सपाट. चांगलं दुकान अशा प्रती वेगळ्या ठेवतं किंवा तसं सांगतं तरी.

त्या टपालवाल्याला मात्र पूर्ण पाच तारे. अडचण एवढीच की तो यादी कधी काढेल याचा नेम नाही, आणि मी उघडेपर्यंत गिटारवाला ग्रँट ग्रीन संपलेला असतो.