धुण्याची पावडर, साबण आणि गॅस पुरवून वापरण्याचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात धुण्याची पावडर, अंगाचा साबण, भांड्यांची वडी आणि स्वयंपाकाचा गॅस या सतत संपणाऱ्या वस्तू अधिक दिवस पुरवण्याचे आम्ही ठरवले. आता पावसाळा सरत आला आहे, म्हणजे हिवाळ्यातले जाड कपडे, उन्हाळ्यातला घाम आणि पावसातले न वाळणारे धुणे, असे सगळे प्रकार या अवधीत अनुभवून झाले आहेत. एक अट आम्ही सुरुवातीलाच घातली होती: हलक्या प्रतीची वस्तू आणायची नाही आणि स्वच्छतेत काही कमी करायचे नाही; बदलायची ती फक्त वापरण्याची रीत. आमचे घर पाच माणसांचे, पुण्याच्या हद्दीबाहेरच्या सोसायटीतले, आणि पाणी बहुतांशी बोअरवेलचे. पाण्याचा उल्लेख मुद्दाम करत आहे, कारण या सगळ्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा पाण्याचाच निघाला.

बहुतेक घरांत पावडर किती घालायची हे फेसावरून ठरते. फेस कमी दिसला की आणखी एक चमचा पडतो. प्रत्यक्षात मळ काढण्याचे काम फेस करत नाही. ते पावडरीतला मळ सोडवणारा घटक करतो, आणि पाण्यात त्याचे प्रमाण एका मर्यादेपर्यंत पोहोचले की त्यापुढे घातलेली पावडर कपडे अधिक स्वच्छ करत नाही, ती फक्त खळबळताना पाणी खाते. पुढून दार असलेल्या यंत्रात तर जास्त फेस अपायच करतो, कारण तिथे कपडे वरून खाली आपटून धुतले जातात आणि फेसाच्या गादीमुळे तो आपटाच सौम्य होतो. बोअरवेलच्या पाण्यात मात्र आणखी एक अडचण असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात, आणि पावडरीचा काही भाग मळाकडे वळण्याआधीच या क्षारांशी झुंजण्यात खर्ची पडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे या क्षारांमुळे येणाऱ्या जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. यावरून एका गावाचे पाणी दुसऱ्या गावाच्या पाण्यापेक्षा किती वेगळे असू शकते याची कल्पना येईल. म्हणून दुसऱ्याच्या घरचे 'दोन चमचे पुरतात' हे माप आपल्या घरी जसेच्या तसे लागू करण्यात अर्थ नाही.

आपले पाणी किती जड आहे हे पाहण्याची साधी पद्धत अशी: स्वच्छ पारदर्शक बाटलीत थोडे पाणी घ्यावे, त्यात अंगाच्या साबणाचा लहानसा कीस टाकावा आणि जोरात हलवावे. पाणी हलके असेल तर भरघोस फेस येऊन टिकतो. जड असेल तर फेस विरतो आणि पाणी गढूळ होऊन दह्यासारखी साय वर येते. या चाचणीसाठी धुण्याची पावडर घेऊ नये, कारण पावडर जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळते आणि फरक कळत नाही. आमच्या पाण्यात साय आली. त्यानंतर आम्ही बादलीत आधी धुण्याचा सोडा विरघळवून पाणी काही वेळ तसेच ठेवू लागलो आणि पावडर नंतर घालू लागलो. सोडा कॅल्शियमला गाळाच्या रूपात बाजूला काढतो, त्यामुळे महागडी पावडर त्या कामातून सुटते. सुती कपडे, चादरी आणि पंचे यांसाठी हा उपाय अतिशय उत्तम ठरला. रेशीम आणि लोकर यांना सोडा लावू नये, ॲल्युमिनियमच्या भांड्यात तो भिजवू नये, आणि हाताने धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. त्वचा कोरडी पडते.

दुसरा बदल भिजवण्याच्या वेळेचा. डाग विरघळवणारी विकरे (एन्झाइम) असलेल्या पावडरीला अर्धा तास मिळाला तर कमी मापातही ती चांगले काम करते. मात्र पाणी कोमट हवे, उकळते नको, कारण उकळत्या पाण्यात ही विकरे निकामी होतात. कॉलर आणि बाह्यांच्या कडांवर वडी चोळायची आणि बाकी कपड्याला पावडर बेताचीच ठेवायची, हे तर आमच्या सासूबाई पूर्वीपासून करत आल्या आहेत. या दोन्ही गोष्टी धरून पावडरीची पिशवी आता पूर्वीच्या जवळपास दीडपट दिवस जाते, आणि पांढऱ्या कपड्यांवर येणारी करडी झाक कमी झाली आहे. पावसाळ्यात गच्चीवरच्या पन्हळीचे पाणी पिंपात धरून त्यात धुणे केले तेव्हा तर सोड्याचीही गरज पडली नाही, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. याउलट पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी धुण्याला वापरू नये. त्यात क्षार अधिक दाट झालेले असतात. ते फरशी पुसण्यासाठी ठेवावे.

अंगाच्या साबणाबाबत अनुभव चांगला आहे, पण बचत लहान आहे. साबण झिजतो त्यापेक्षा विरघळून अधिक वाया जातो, म्हणून साबणदाणी भोकांची आणि शॉवरच्या धारेपासून दूर हवी. नवी वडी आणली की तिचे वेष्टण काढून ती कपड्यांच्या कपाटात काही आठवडे ठेवावी. आतला ओलावा उडून ती टणक होते आणि सावकाश झिजते, शिवाय कपाटाला वास राहतो तो वेगळाच. खरेदी करताना वेष्टणावरचा टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचा, आकडा पाहावा. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या साबणात तो किमान ७६ टक्के असतो. ज्या वेष्टणावर साबणाऐवजी 'बेदिंग बार' असे छापलेले असते, त्यातला स्निग्धांश बराच कमी असू शकतो, आणि तशा वड्यांपैकी आम्ही वापरलेल्या लवकर मऊ पडून संपल्या. उरलेले पातळ तुकडे ओल्या नव्या वडीवर दाबून चिकटवले की काहीच फेकावे लागत नाही.

भांड्यांच्या बाबतीत खरा सल्ला आमच्या कामाच्या मावशींनी दिला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आता जेवण झाल्याबरोबर भांड्यांतले खरकटे काढून ती पाण्यात बुडवली जातात, आणि तेलकट कढई आधी चाळलेल्या पिठाच्या कोंड्याने किंवा जुन्या बेसनाने पुसली जाते. तेल गेले की वडीला काम उरतच नाही. वडी पूर्ण न ठेवता तिचे तुकडे करून एकच तुकडा वापरात ठेवला, म्हणजे बाकीची वडी वाटीतल्या पाण्यात गळत नाही. द्रव साबण पातळ करायचा असेल तर त्या दिवसापुरताच वाटीत करावा. बाटलीत पाणी भरून आठवडाभर ठेवल्यास तो टिकवणारा घटकही पातळ होतो आणि द्रव बिघडू शकतो. जंतुनाशक द्रवाच्या बाबतीत वेष्टणावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा एक थेंबही पाणी वाढवू नये, आणि संडास साफ करायचे आम्ल व ब्लीच एकत्र तर कधीच करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गॅसची बचत पैशांच्या दृष्टीने पावडरीपेक्षाही मोठी आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते, त्यामुळे घेताना वजन करून मागावे. तो आपला हक्क आहे. सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहायची ही सवय आम्ही लावून घेतली, कारण तिच्याशिवाय कोणता उपाय खरोखर लागू पडला हे कळण्याचा मार्ग नाही. सर्वाधिक फरक कुकरमुळे पडला. पहिली शिट्टी होऊ लागली म्हणजे आत पुरेसा दाब तयार झाला आणि तापमान सुमारे १२० अंशांवर पोहोचले. त्यापुढे मोठी आच ठेवल्याने तापमान वाढत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. म्हणून त्या क्षणी आच मंद करायची, आणि बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यायचा, कारण तेवढ्या वेळातही डाळ शिजतच असते. तूरडाळ अर्धा तास भिजवून आणि वरण, भात, बटाटे एकाच कुकरच्या डब्यांत लावून दोन वेळचा गॅस वाचतो. राजमा आणि छोले रात्रभर भिजले नाहीत तर त्या दिवशी दुसरे काहीतरी करणे परवडते.

ज्योत भांड्याच्या तळाबाहेर येत असेल तर तेवढी उष्णता ओट्याला जाते, म्हणून लहान पातेले लहान बर्नरवर. ज्योत पिवळी दिसू लागली की बर्नरची भोके बुजली आहेत असे समजावे. कोमट साबणपाण्यात भिजवून, सुईने भोके मोकळी करून आणि पूर्ण वाळवून ते परत बसवले की ज्योत निळी होते. जड पाण्यामुळे चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि तो उष्णता अडवतो. लिंबूसत्त्व घातलेले पाणी त्यात उकळल्यास तो सुटतो. हे सगळे पाळू लागल्यापासून सिलिंडर साधारण आठवडाभर अधिक जातो. लग्नसराईत पाहुणे आले तेव्हा अर्थातच तो लवकर संपला, आणि ते हिशेबात धरण्याचे कारण नाही.

काही वस्तू मात्र आम्ही मुद्दाम पुरवल्या नाहीत. गॅसच्या सुरक्षा नळीची मुदत ५ वर्षांची असते आणि ती नळीवर छापलेली असते. नळी वरून धडधाकट दिसली तरी मुदत सरल्यावर बदललीच पाहिजे. कुकरची रबरी रिंग सैल पडल्यावर ती फ्रीजमध्ये ठेवून आणखी काही दिवस चालवण्याची रीत अनेक घरांत आहे, पण त्यात वाफ गळून गॅसच जास्त जातो. तशा रिंगेऐवजी नवी आणि त्याच कंपनीची आणावी, सुरक्षा व्हॉल्व्हही तसाच. तळणीचे तेल वारंवार तापवू नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यातल्या ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, आणि ती घरी मोजता येत नसल्यामुळे तेल काळपट, घट्ट किंवा फेसाळ झाले की ते टाकून देणे हाच मार्ग आहे. दात घासायचा ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा. टूथपेस्ट मात्र वाटाण्याएवढी पुरते, तीन वर्षांखालच्या मुलाला तर तांदळाच्या दाण्याएवढीच द्यावी, आणि आमच्या घरी नळी आता मोठ्यांच्या हातात असते.