भरलेला सी ड्राइव्ह आणि विनडिरस्टॅट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरचा डेस्कटॉप संगणक २०१६ सालचा आहे. त्यात सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मूळची १ टीबीची हार्ड डिस्क (डी ड्राइव्ह) आणि मागाहून बसवून घेतलेली १२० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, आहे. विंडोज १० या एसएसडीवर, म्हणजे सी ड्राइव्हवर आहे. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत बसत नाही, त्यामुळे आहे त्याच व्यवस्थेत यंत्र चालवणे भाग आहे. एसएसडीच्या खोक्यावर १२० जीबी छापलेले असले तरी विंडोज ती १११ जीबीच दाखवते, कारण उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०७ कोटींहून थोडे अधिक धरते. या १११ पैकी जेमतेम ४ जीबी मोकळी उरली होती, 'धिस पीसी'मधली पट्टी कायम लाल असे आणि अपडेट अर्ध्यावर थांबत. एसएसडी काठोकाठ भरली की तिला नव्या लिखाणासाठी आधीच पुसून ठेवलेले कप्पे कमी पडतात व ती मंदावते, तेही जाणवू लागले होते.

दुरुस्तीच्या दुकानात अशा वेळी एकच उपाय सांगतात: 'फॉरमॅट मारून देतो.' दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे एखादा क्लीनर टाकून एका बटणावर 'कचरा' साफ करणे. हे दोन्ही टाळून मी विनडिरस्टॅट हे मोफत व मुक्त स्रोत साधन घेतले. ते काहीही आपण होऊन पुसत नाही, फक्त कुठे काय किती जागा धरून बसले आहे ते दाखवते. क्लीनरबद्दलचा माझा अविश्वास निराधार नाही. २०१७ साली सीसीक्लीनर या अशाच एका लोकप्रिय क्लीनरच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवलेला आढळला होता. शिवाय ज्याला आपण कचरा समजतो त्या ब्राउझर कॅशेसारख्या (पाहिलेल्या पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) फायली चार दिवसांत पुन्हा तेवढ्याच साठतात, त्यामुळे ही साफसफाई वारंवार करूनही हाती फारसे लागत नाही.

विनडिरस्टॅट तसे जुने आहे. २००७ नंतर कित्येक वर्षे त्याची नवी आवृत्ती आली नव्हती, आता अलीकडे दुसऱ्या मालिकेतल्या आवृत्त्या आल्या असून मी तीच वापरतो. ड्राइव्ह निवडला की ते सगळे फोल्डर वाचून काढते. वर डावीकडे आकारानुसार उतरत्या क्रमाने फोल्डरांची यादी, उजवीकडे फायलींचे प्रकार आणि खाली रंगीत चौकटींचा नकाशा येतो. प्रत्येक चौकट म्हणजे एक फाइल. चौकट जितकी मोठी तितकी फाइल मोठी, आणि रंग फाइलीच्या प्रकाराचा. चौकटीवर क्लिक केले की वरच्या यादीत ती फाइल नेमकी कुठे आहे ते उघडते.

नकाशात पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या एकाच रंगाच्या, जवळजवळ एकाच आकाराच्या, शेजारी शेजारी बसलेल्या मोठ्या चौकटी. त्या व्हीओबी फायली निघाल्या. घरातल्या एका लग्नाची डीव्हीडी कोणीतरी जशीच्या तशी डेस्कटॉपवर उतरवून ठेवली होती. डीव्हीडीवरील व्हिडिओ १ जीबीच्या आतल्या तुकड्यांत विभागलेला असतो, म्हणून चौकटी इतक्या सारख्या दिसत होत्या. थोडे बाजूला पाहिले तर तशाच चौकटींचा दुसरा गट होता, तो 'न्यू फोल्डर (२)' मध्ये. एकच लग्न दोनदा, मिळून साडेआठ जीबीच्या वर. डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू सी ड्राइव्हवरच बसते हे घरात कोणाच्या गावी नव्हते. हार्ड डिस्क मात्र निम्मीही भरलेली नव्हती.

अशा तीन-चार ठिकाणीच बहुतेक जागा अडकलेली होती. फोन बदलताना घेतलेली प्रत, म्हणजे फोटो, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, शुभेच्छांची चित्रे असा सरसकट उचललेला सगळा ऐवज, सुमारे १४ जीबी. डाउनलोड फोल्डरात प्रिंटरचे तेच ड्रायव्हर पुन:पुन्हा उतरवलेले, जुनी इन्स्टॉलर आणि ऑनलाइन वर्गांच्या ध्वनिचित्रफिती मिळून ७ जीबीच्या आसपास. क्लीनर यातल्या एकाही गोष्टीला हात लावत नाही, आणि लावूही नये, कारण लग्नाची डीव्हीडी कचरा आहे की ठेवा, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही.

वैयक्तिक फायली मी हार्ड डिस्कवर हलवल्या आणि त्यांची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. इतक्या जुन्या हार्ड डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवणे मला धोक्याचे वाटते. त्यानंतर डेस्कटॉप व डाउनलोड या दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमधील 'लोकेशन' या भागातून त्यांची जागाच डी ड्राइव्हवर नेली. घरच्यांना काहीही नवे शिकावे लागले नाही, ते पूर्वीसारखेच डेस्कटॉपवर टाकतात, फक्त ते आता डी ड्राइव्हवर साठते. इतक्या महिन्यांत सर्वांत उपयोगी ठरलेला बदल हाच, आणि त्याला विनडिरस्टॅटची गरजही नाही. नकाशा पाहिल्याशिवाय तो सुचला नसता एवढेच.

नकाशातली एक मोठी चौकट हायबरफिल नावाच्या सिस्टिम फाइलीची होती. हायबरनेट करताना, म्हणजे उघडे काम जसेच्या तसे जपून यंत्र बंद करताना, रॅममधला मजकूर हिच्यात उतरवला जातो आणि विंडोज १० तिच्यासाठी साधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा राखून ठेवते, म्हणजे आमच्याकडे ३.२ जीबी. डेस्कटॉप संगणकावर हायबरनेटचा उपयोग फारसा नाही, म्हणून ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा देऊन ते बंद केले. यामुळे 'फास्ट स्टार्टअप' ही यंत्र लवकर सुरू होण्याची सोयही बंद होते हे आधी समजून घ्यावे. एसएसडीवर तो फरक मला नगण्य वाटला. लॅपटॉपवाल्यांनी मात्र ही फाइल असू द्यावी.

विनसिक्सएस या फोल्डराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याचा आकार पाहून अनेकांचा हात शिवशिवतो. विंडोजचे सुटे घटक इथे असतात आणि त्यांतले बरेचसे हार्ड लिंकने (एकाच फाइलीला दिलेल्या दुसऱ्या नावाने) सिस्टिमच्या इतर फोल्डरांतही दिसतात. फाइल डिस्कवर एकच असते, पण फाइल एक्सप्लोरर ती दोन्हीकडे मोजतो, म्हणून फोल्डर आहे त्याहून बराच फुगलेला भासतो. खरा आकार विंडोजमधल्याच डिझम या आज्ञेच्या 'ॲनालाइझ कंपोनंट स्टोअर' पर्यायाने कळतो आणि जुन्या अपडेटांचे अवशेषही तिच्याच 'स्टार्ट कंपोनंट क्लीनअप'ने काढावेत. हाताने त्यातली एकही फाइल पुसू नये. 'रीसेटबेस' हा पुढचा पर्याय वापरला तर बसवलेले अपडेट नंतर मागे घेता येत नाहीत, म्हणून तो मी वापरलेला नाही. विंडोजच्या आतला 'इन्स्टॉलर' फोल्डरही असाच मोठा व निरुपयोगी दिसतो, पण तो गेला तर प्रोग्राम दुरुस्त करणे किंवा काढून टाकणे अवघड होऊन बसते. डिस्क क्लीनअपमधील सिस्टिम फायलींची सफाई आणि डिझम मिळून सुमारे ५ जीबी सुटले.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली तात्पुरत्या फायलींची जी यादी येते, तिच्यात डाउनलोड फोल्डरही असतो. त्यापुढे आपसूक खूण नसते, पण सगळ्याच चौकोनांवर भराभर टिचक्या मारत जाणाऱ्याने तिथे थांबून वाचावे.

आता विनडिरस्टॅटच्या उणिवा. चौकट कुठली हे ते सांगते, ती फाइल पुसण्याजोगी आहे की नाही हे सांगत नाही, त्यामुळे सिस्टिम फोल्डरांची जुजबी ओळख नसलेल्या माणसाच्या हाती ते एकट्याने देऊ नये. 'डिलीट'ची कळ तिथेही चालते. ती दाबल्यावर फाइल रिसायकल बिनमध्ये जाते आणि बिन रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराशिवाय चालवले तर काही फोल्डर वाचताच येत नाहीत व हिशेब जुळत नाही. नव्या आवृत्तीत एकसारख्या फायली शोधण्याची सोय आहे, तिने लग्नाच्या दोन्ही प्रती अचूक पकडल्या. परंतु ती तुलना फाइलीच्या आतल्या मजकुराची असते. कॅमेऱ्यातला मूळ फोटो आणि तोच व्हॉट्सॲपवरून फिरून, दाबून लहान होऊन आलेला फोटो या तिच्या लेखी दोन वेगळ्या फायली आहेत, आणि आपल्याकडच्या घरगुती फोटोसंग्रहात खरी भर असते ती अशाच जोड्यांची. ते काम डोळ्यांनीच करावे लागले, अजून पुरे झालेले नाही.

सगळे आटोपल्यावर सी ड्राइव्हवर ४२ जीबीच्या आसपास मोकळे झाले होते, आज ३७ आहेत. मधली घट अपडेट आणि ॲपडेटा या प्रोग्रामांच्या माहितीच्या फोल्डरातल्या ब्राउझरच्या साठ्याने झाली, हे पुन्हा नकाशा काढून पाहिले. त्यात काळजीचे काही नाही. अपडेट आता अडत नाहीत, लाल पट्टी गेली आहे. यंत्र नव्यासारखे धावू लागले असे मात्र म्हणणार नाही, प्रोसेसर आणि रॅम होते तेच आहेत.

एसएसडीचा नकाशा चटकन तयार होतो, फायलींनी गच्च भरलेल्या जुन्या हार्ड डिस्कला मात्र बराच वेळ लागतो. तेवढा धीर नसेल तर विझट्री हे अशाच कामाचे साधन पाहावे. ते एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल-व्यवस्था) ड्राइव्हची मुख्य फाइल-सूची थेट वाचत असल्याने फारच झपाट्याने काम उरकते. घरगुती वापरासाठी ते मोफत आहे, कार्यालयात वापरायचे असल्यास परवाना घ्यावा लागतो.