2 टीबीची पोर्टेबल डिस्क, 14 महिन्यांनंतर: केबलनं घात केला

भंडारा जिल्ह्यातल्या चार गावांत रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची, गाणी रेकॉर्ड करते मी, पीएचडीसाठी. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ वेव्ह, म्हणजे तासाला 1 जीबी धरा. डिस्क गेल्या रोवण्याआधी घेतली, स्पीड वगैरे सगळ्यांना माहीतच आहे.

आधी केबल. ती चपटी, रुंद मायक्रो-बी पिन तीन महिन्यांत ढिली झाली, टेबल हललं की ड्राइव्ह गायब. तालुक्याला तीन दुकानं पालथी घातली, मोबाईलच्या केबली ढिगानं, ही एकाकडेही नाही. टाइप-सी द्यायला काय जात होतं? माझा सगळा राग या पिनवर आहे.

जूनमध्ये डिस्क दिसणंच बंद. दिवस मोडून एसटीनं नागपूरला गेले तर सर्व्हिसवाला म्हणे वॉरंटीत नवी डिस्क देऊ, डेटाची जबाबदारी आमची नाही. रिकव्हरीचा आकडा ऐकला, तेवढ्यात आमचं दोन महिन्यांचं घर चालते. तशीच निघाले, सीताबर्डीवर 180 रुपयांची केबल घेतली, घरी येऊन लावली आणि डिस्क सुरू! एकच स्टार देणार होते, तो मागे घेते, डिस्क चांगली आहे.

पण मग हॅश जुळवले, हॅश म्हणजे फाइलीचा बोटाचा ठसाच. फाइल रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावर असतानाच तिचा एसएचए-256 हा हॅश काढून ठेवते मी, 64 अक्षरांचा, एक बिट बदलला तरी अख्खा वेगळा येतो, विंडोजमधल्याच सर्टयुटिल या कमांडनं निघतो, पैसा लागत नाही. 86 पैकी तीन फाइली जुळेनात. नाव तेच, साइज तीच, वाजवली तर चौथ्या मिनिटानंतर आवाजच नाही. दिवाळीत कॉपी करताना केबल सुटली असणार, आणि तेव्हाच जुळवायला पाहिजे होतं ते मी केलं नाही. दोन फाइली कार्डावर सापडल्या. तिसरीचं कार्ड मी पुसलं होतं, नवीन घ्यायला जिवावर आलं म्हणून.

आता एक कॉपी या डिस्कवर, एक माहेरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर, एक झेनोडो या संशोधनाच्या फाइली जपणाऱ्या साइटवर. ती सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेची आहे, 2013 पासून, फुकट, एका रेकॉर्डला 50 जीबी, वर डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. ज्या बायांनी गाणं सगळ्यांसाठी खुलं करायला नाही म्हटलं त्यांच्या फाइली रिस्ट्रिक्टेड, म्हणजे सगळ्यांना न उघडणाऱ्या, ठेवता येतात, माझ्यासाठी हे फार मोठं आहे. अपलोड झालं की तिथं प्रत्येक फाइलीचा एमडी5 हा दुसऱ्या प्रकारचा हॅश दिसतो, तो आपल्याकडच्याशी जुळवाच. आमच्याकडे नेट रात्री 1 नंतरच धड चालते, 31 जीबीला अकरा रात्री गेल्या. सोबत साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून टाकलं, कोणत्या गावची बांधी (धानाचं शेत), कोणतं धान, आधी कोण म्हणते, मागून कोण झेलते, नाहीतर वीस वर्षांनी फाइल वाजेल पण ऐकणाऱ्याला काही उमगणार नाही.

तिसरी फाइल ज्या आजीची, ती माघात गेली. तिच्या सुनेला त्या गाण्याच्या सहाच ओळी येतात. यंदा रोवण्यात तिनं त्या म्हटल्या, वाकूनच, हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, पेंढी, मागे चिखलात पाय रुतल्याचा आवाज आहे. ते कार्ड अजून पुसलं नाही.